औषध दारी आले असताना

रोग आधी येतो आणि त्यावरचे औषध मागाहून सापडते, हा माणसाचा शतकानुशतकांचा अनुभव आहे. पटकी, प्लेग, देवी या सर्वांच्या बाबतीत हेच घडले. माणसे दगावली, गावे ओस पडली, आणि मग कोठे लस निघाली. संगणकांच्या जगातील काही मोठ्या साथी मात्र या क्रमाला अपवाद ठरल्या आहेत. तेथे औषध आधी तयार होते, ते विनामूल्य घरपोच येते, आणि रोग त्यानंतर काही दिवसांनी अवतरतो. तरीही लक्षावधी यंत्रे त्या रोगाला बळी पडतात. असे का व्हावे, या प्रश्नाचे उत्तर यंत्रापेक्षा मनुष्यस्वभावात अधिक सापडते. म्हणूनच मराठी शिकविण्यात हयात घालविलेल्या प्रस्तुत लेखकाने या विषयावर लेखणी उचलण्याचे धाडस केले आहे. त्याला आणखी एक कारण आहे. ज्या चुकीबद्दल मी लिहिणार आहे, ती मी स्वतः केली होती.

पडद्यावरील लाल चौकट

शुक्रवार, दि. १२ मे २०१७. इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांत त्या दिवशी संगणकांच्या पडद्यांवर अचानक एक लाल चौकट उमटली. तुमच्या फाइलींना कुलूप लागले आहे. किल्ली हवी असल्यास ३०० डॉलर बिटकॉइन या आभासी चलनात भरा. तीन दिवसांनंतर रक्कम दुप्पट होईल आणि सात दिवसांनंतर फाइली कायमच्या गमवाल, असा तीतील मजकुराचा आशय होता. या उपद्रवाला 'वॉनाक्राय' असे नाव पडले. रडू यावे अशा अर्थाचे हे नाव किती यथार्थ होते, ते पुढील काही तासांतच जगाला कळून चुकले.

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेची रुग्णालये चालविणाऱ्या २३६ ट्रस्टांपैकी निदान ८१ ट्रस्टांना या संकटाची झळ पोचली. खेरीज ५९५ दवाखान्यांत त्याचा शिरकाव झाला. तेथील सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात यासंबंधी तपशीलवार आकडे आहेत. रद्द झालेल्या ६,९१२ भेटींची प्रत्यक्ष नोंद सापडली. एकूण संख्या १९,००० च्या वर असावी, असा अंदाज करण्यात आला. पाच ठिकाणच्या रुग्णांना तातडीच्या उपचारांसाठी दूरच्या रुग्णालयात जावे लागले. कर्करोगाचा संशय असल्यामुळे तातडीने तपासणीस बोलाविलेल्या निदान १३९ रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. डॉक्टर पुन्हा कागद-पेनाकडे वळले आणि कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून निरोप पाठवून कसाबसा कारभार चालविला.

साथ इंग्लंडपुरती राहिली नाही. स्पेनमधील टेलिफोनिका ही दूरध्वनी कंपनी, फ्रान्समधील रेनो हा मोटारींचा कारखाना, जर्मन रेल्वेच्या स्थानकांवरील फलक, अशी तिची धाव होती. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांना तिची लागण झाली. युरोपियन पोलीस संघटनेच्या हिशेबाने दोन-तीन दिवसांतच सुमारे १५० देशांतील दोन लाखांवर यंत्रे बाधित झाली होती.

आवक बारनिशीतील घोटाळा

हे घडले कसे? अनोळखी पत्र उघडू नका, भलत्या ठिकाणी बोट लावू नका, असा उपदेश आपण मुलांना नेहमी करतो. येथे तो निरुपयोगी होता. यंत्रापुढे बसलेल्या माणसाने काहीही करण्याची आवश्यकता नव्हती. यंत्र सुरू असणे आणि जाळ्याला जोडलेले असणे एवढेच पुरेसे होते.

कोणत्याही संगणकात एक मूळ कार्यप्रणाली असते. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. इतर यंत्रांशी बोलणे, फाइली देणे-घेणे, छपाईयंत्र वाटून वापरणे, ही कामे तीच करते. त्यासाठी तिने काही क्रमांकांची दारे ठेवलेली असतात, आणि प्रत्येक दारामागे ऐकण्यासाठी एक सेवक बसविलेला असतो. विंडोज या कार्यप्रणालीत फाइली वाटून घेण्याच्या कामासाठी ४४५ क्रमांकाचे दार आहे. त्या दारामागील सेवकाची 'एसएमबी' नावाची जी भाषा आहे, तिच्या सर्वांत जुन्या आवृत्तीत ही चूक दडलेली होती.

चुकीचे स्वरूप समजण्यासाठी शाळेच्या कार्यालयाकडे पाहू. आलेले प्रत्येक पत्र कारकून आवक बारनिशीत उतरवितो. एखादे पत्र अशा चमत्कारिक रीतीने लिहिलेले आहे की, त्याला किती जागा लागेल याचा हिशेब कारकुनाकडून चुकतो. तो दहा ओळींची जागा सोडतो आणि मजकूर निघतो चाळीस ओळींचा. विचारी कारकून तेथेच थांबेल. यांत्रिक बुद्धीचा कारकून मात्र लिहीतच राहील. आपली चौकट ओलांडून तो शेजारच्या पानावर जाईल, आणि त्या पानावर तर मुख्याध्यापकांचे आदेश लिहिलेले असतात. मग शिपाई ते पान वाचतो आणि तेथे जे लिहिले असेल ते मुख्याध्यापकांचेच शब्द समजून पाळतो. पत्र पाठविणारा परका माणूस अशा रीतीने, शाळेत पाऊलही न टाकता, शाळेचा मुख्याध्यापक होऊन बसतो.

तंत्रज्ञ याला 'रिमोट कोड एक्झिक्युशन' म्हणतात. म्हणजे दुरून आज्ञा चालवून घेण्याची मुभा देणारा दोष. तो जेव्हा कार्यप्रणालीच्या ऐकण्याच्या दारातच असतो, तेव्हा तो सर्वांत भयंकर, कारण एक यंत्र ताब्यात आले की त्याच्याकडून शेजारच्या यंत्राला तसेच पत्र धाडता येते. कृमी जसे एका फळातून दुसऱ्या फळात शिरतात, तसा हा प्रसार होत असल्यामुळे अशा उपद्रवाला इंग्रजीतही 'वर्म' असेच म्हणतात. याचा पहिला मोठा अनुभव २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत आला. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या कृमीने त्या काळच्या लहानशा इंटरनेटवरील हजारो संगणक जवळजवळ ठप्प केले. त्या धक्क्यानंतर संगणकीय संकटात धावून जाणारे पहिले पथक कार्नेगी मेलन विद्यापीठात उभारले गेले. त्याच धर्तीवरील आपले राष्ट्रीय पथक, 'सर्ट-इन', २००४ पासून कार्यरत आहे.

एकोणसाठ दिवस

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. विंडोज तयार करणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने या दोषावरील दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी जाहीर केली होती. अशा दुरुस्तीला 'पॅच' म्हणतात. आपल्या भाषेत ठिगळ. मार्चच्या १४ तारखेपासून मेच्या १२ तारखेपर्यंत एकोणसाठ दिवस होतात. मध्यंतरी, १४ एप्रिल रोजी, 'शॅडो ब्रोकर्स' असे नाव घेणाऱ्या एका अज्ञात टोळीने या दोषाचा फायदा उठविण्याचे आयते हत्यार जगापुढे उघडे टाकले. 'इटर्नल ब्लू' हे त्याचे नाव. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून ते चोरीस गेले असल्याचे मायक्रोसॉफ्टचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी १४ मे रोजी लिहिले, आणि सरकारांनी असे दोष कळवून टाकण्याऐवजी साठवून ठेवावेत याबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली. ती योग्यच होती. शत्रूवर वापरण्यासाठी म्हणून कोणी सर्वांच्याच घराच्या बनावट किल्ल्या करून ठेवल्या, तर त्या किल्ल्या कधीतरी चोराच्या हाती लागणारच.

परंतु दुसऱ्याचा दोष दाखविल्याने आपला झाकला जात नाही. इंग्लंडच्या आरोग्य सेवेतील तांत्रिक संस्थेने मार्च आणि एप्रिल महिन्यांत दुरुस्ती करून घेण्याविषयी सूचना धाडल्या होत्या. जुनी, कंपनीने सोडून दिलेली विंडोज एक्सपी हीच सर्व अनर्थाचे मूळ, असा समज प्रारंभी पसरला होता. प्रत्यक्षात बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य विंडोज ७ वर चालणारी होती. तिच्यासाठी औषध मार्चमध्येच तयार होते. आधीच्या अनुभवाने शहाणे व्हावे, तर तेही झाले नव्हते. २००३ साली 'ब्लास्टर' नावाचा कृमी ११ ऑगस्टला पसरला. त्यावरील ठिगळ १६ जुलैला निघाले होते, म्हणजे सव्वीस दिवस आधी.

हे अंतर धोक्याचे का, तेही ध्यानी घ्यावे. ठिगळ लागले की वस्त्र कोठे फाटले होते ते जगाला कळते. वाईट हेतूचे लोक दुरुस्तीपूर्वीची आणि दुरुस्तीनंतरची प्रणाली शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहतात आणि दोषाचा माग काढतात. म्हणून औषध जाहीर होण्याचा दिवस हाच धोका वाढू लागण्याचाही दिवस असतो.

रुग्णालयांनी निव्वळ आळसाने हे केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तपासणीच्या मोठ्या यंत्रांना जोडलेला संगणक मध्येच बंद करता येत नाही. नव्या दुरुस्तीने जुनी यंत्रणा बिघडली तर काय, ही भीतीही खरी असते. मात्र 'आज नको' म्हणताना मग कोणता दिवस, हे ठरविलेले नसते. तारीख न घातलेला 'उद्या' कोणत्याच पंचांगात सापडत नाही.

त्या शुक्रवारी साथ आटोक्यात आली ती काहीशी योगायोगाने. मार्कस हचिन्स या २२ वर्षांच्या इंग्रज तरुणाने कृमीची चिरफाड करताना पाहिले की, तो कामाला लागण्यापूर्वी इंटरनेटवरील एका अर्थहीन, लांबलचक नावाच्या पत्त्यावर कोणी आहे का, हे विचारतो. तो पत्ता कोणाच्याच नावावर नव्हता. हचिन्सने १०.६९ डॉलर भरून तो आपल्या नावावर नोंदविला, आणि उत्तर येऊ लागताच नव्या यंत्रांतील कृमी स्वतःहून थांबू लागला. पूर्वी केलेल्या दुसऱ्या एका संगणकीय गुन्ह्याबद्दल याच तरुणाला पुढे अमेरिकेत न्यायालयापुढे उभे राहावे लागले. न्यायाधीशांनी २०१९ मध्ये त्याला अधिक तुरुंगवास दिला नाही. खंडणी भरलेल्यांपैकी कोणी भरली हे ओळखण्याची धड सोयही त्या चोरांनी केलेली नव्हती. त्यामुळे पैसे भरूनही किल्ली मिळेल याची शाश्वती नव्हती.

आमच्या शाळेचा संगणक

आता आपली गोष्ट सांगतो. सीमाभागातील आमची सरकारी मराठी शाळा शतकाहून जुनी आहे. जुन्या दाखल-खारीज वह्या एका लाकडी कपाटात आहेत. पणजोबांची जन्मतारीख, जात, मातृभाषा यांचा पुरावा शोधीत आजही माणसे पुण्या-मुंबईहून आमच्या दारी येतात. सीमेवरच्या माणसाला 'मातृभाषा मराठी' या दोन शब्दांचे मोल काय असते, ते या मासिकाच्या वाचकांना सांगावयास नको. त्या वह्यांतील पहिल्या काही मोडी लिपीत आहेत आणि त्यांना कसर लागलेली आहे.

गावातील एका वयोवृद्ध निवृत्त तलाठ्यांना मोडी वाचता येत असे. दोन वर्षे, दर रविवारी, ते शाळेत येऊन एकेक नोंद वाचीत आणि आमचे एक तरुण सहशिक्षक ती संगणकात उतरवून घेत. काम पुरे झाले त्याच वर्षी, म्हणजे २०१६ मध्ये, ते वृद्ध गृहस्थ वारले. त्यांनी वाचलेले सर्व काही एका संगणकात होते, आणि फक्त त्या एकाच संगणकात होते.

मार्च २०१७ मध्ये परीक्षांची धांदल सुरू होती. एका सायंकाळी सहशिक्षक म्हणाले, "सर, यंत्र बंद करताना दुरुस्ती बसवू का म्हणून विचारतंय. अर्धा तास तरी घेईल. माझी शेवटची गाडी चुकेल."

मी म्हणालो, "राहू द्या, गुरुजी. निकाल लागू देत, मग पाहू."

दुसऱ्या दिवशीही तोच प्रश्न आला आणि तेच उत्तर गेले. पुढे ते मला विचारीनासे झाले. यंत्राने विचारले की तेच 'नंतर' म्हणून टाकीत. १० एप्रिलला शाळेला सुट्टी लागली. त्याच आठवड्यात वळवाच्या पावसात एक झाड पडून आमची टेलिफोनची तार तुटली आणि इंटरनेट बंद पडले. तक्रार केली, कोणी आले नाही.

रविवार, १४ मे रोजी वृत्तपत्रात वॉनाक्रायची हकीकत वाचली. लोकांच्या फाइलींना कुलूप लागले, हे वाक्य वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ते वृद्ध गृहस्थ आले. चष्मा कपाळावर सारून, वही डोळ्यांशी नेऊन, बोटाने ओळ धरून वाचणारे. त्या रात्री मला झोप लागली नाही. सोमवारी सकाळी सहशिक्षकांना सोबत घेऊन शाळेचे कुलूप काढले. यंत्र सुरू केले. नोंदी जागच्या जागी होत्या. ती दुरुस्तीही होती. मार्चमध्ये उतरवून घेतलेली, केवळ आमच्या होकाराची वाट पाहत बसलेली. आम्ही होकार दिला. सगळे काम पंचवीस मिनिटांत आटोपले.

दोन महिने टाळलेले काम पंचवीस मिनिटांचे होते! आमचे दार उघडेच होते. चोर आला नाही, कारण दारापर्यंतचा रस्ताच पावसाने वाहून गेला होता. यात आमचे कर्तृत्व शून्य. सहशिक्षक काही बोलले नाहीत, पण घरी परतताना ते हळूच म्हणाले, "सर, चूक माझीच. मी पुन्हा विचारायला हवं होतं." मी त्यांना सांगितले की, पुन्हा विचारावेसे वाटू नये असे उत्तर देणाऱ्याची ती चूक असते. आजही माझे मत तेच आहे.

न्हावा-शेवा आणि घाना

दैवावर विसंबणारे आम्ही एकटे नव्हतो. वॉनाक्रायनंतर सहा आठवड्यांनी, २७ जून २०१७ रोजी, 'नॉटपेट्या' नावाचा आणखी विध्वंसक उपद्रव युक्रेनमधून पसरला. त्यानेही इटर्नल ब्लू हे हत्यार वापरले. शिवाय बाधित यंत्रातील परवलीचे शब्द चोरून तो दुरुस्त केलेल्या यंत्रांतही शिरत असे. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचा जगभरचा कारभार त्यामुळे कोलमडला. नवी मुंबईजवळ न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. कंपनीला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

या प्रचंड पडझडीत कंपनीच्या जाळ्याची मूळ नोंदवही, म्हणजे कोणते यंत्र कोणाचे आणि कोणाला कोठे प्रवेश, हे सांगणारी माहिती, सर्वत्र नष्ट झाली होती. तिची एकच धड प्रत उरली. ती आफ्रिकेतील घानामध्ये होती. कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती आणि ते यंत्र जाळ्यापासून तुटलेले होते. ही हकीकत वाचली तेव्हा मला आमची तुटलेली तार आठवली. एवढ्या बलाढ्य कंपनीला घानातील वीजकपातीने वाचवावे आणि आमच्या शाळेला वळवाच्या पावसाने, यातील साम्य विनोदी वाटले तरी बोध गंभीर आहे. जी प्रत जाळ्याला जोडलेली नाही, तीच संकटात उपयोगी पडते. ती जाणूनबुजून ठेवावी. वीज जाण्याची वाट पाहू नये.

ऑगस्ट २०२४ मधील एक बुधवार

शिकलेला धडा पाठ झाला की नाही, याची परीक्षा सात वर्षांनी झाली. १३ ऑगस्ट २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या संपर्कयंत्रणेतील एका नव्या दोषावर दुरुस्ती जाहीर केली. इंटरनेटवरील पत्त्यांची 'आयपीव्ही ६' ही जी नवी पद्धत आहे, तिच्या मार्गाने येणारी विशिष्ट पाकिटे हाताळताना मापाचा हिशेब चुकत होता. म्हणजे पुन्हा तोच बारनिशीतील घोटाळा. चीनमधील कुनलुन लॅबच्या एका संशोधकाने तो शोधून प्रामाणिकपणे कंपनीला कळविला होता. दहापैकी ९.८ इतकी त्याची तीव्रता ठरविण्यात आली. विंडोज १० आणि ११ या दोन्ही त्याच्या कक्षेत होत्या, आणि येथेही यंत्रापुढील माणसाने काही करण्याची गरज नव्हती. ज्यांना दुरुस्ती लगेच बसविणे शक्य नाही, त्यांच्यासाठी 'आयपीव्ही ६' तात्पुरते बंद ठेवणे हा एक मार्ग होता. परंतु त्याने काही कामे अडू शकतात, म्हणून दुरुस्ती हाच खरा उपाय.

कंपनीच्या अशा दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. भारतात तेव्हा रात्र झालेली असते. म्हणून आपला दिवस बुधवार. त्या बुधवारी १४ ऑगस्ट होता. दुसऱ्या दिवशीच्या ध्वजवंदनाची तयारी, पाहुण्यांची भाषणे, मुलांच्या कवायती, कार्यक्रमपत्रिकेची छपाई, अशा सर्व कामांचा त्या एका संगणकावर भार होता. 'उद्या झेंडावंदन होऊ दे, मग पाहू' हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आले होते. ते मी गिळले. मधल्या सुट्टीत यंत्र दुरुस्तीला लावले आणि कार्यक्रमपत्रिका सातवीच्या मुलींकडून फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहून घेतली.

त्या दोषातून २०१७ सारखी साथ उद्भवली नाही. मग केलेले श्रम व्यर्थ गेले काय? लस टोचून घेतलेल्या मुलाला देवी आल्या नाहीत, म्हणून लस व्यर्थ गेली असे आपण म्हणत नाही.

घरी काय करावे

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी संगणक आहे. दुकानाचे हिशेब, नातवंडांची छायाचित्रे, मंडळाच्या वर्गणीच्या याद्या त्यात आहेत. त्यांच्यासाठी अनुभवातून सुचलेल्या काही गोष्टी येथे नमूद करतो.

प्रथम आपल्याकडे कोणती यंत्रे आहेत आणि त्यांत कोणती प्रणाली आहे, याची यादी करावी. शाळेत डेडस्टॉक रजिस्टर असते, तसेच हे. माळ्यावर पडलेला जुना लॅपटॉप कधीतरी जोडला जातो, म्हणून तोही यादीत हवा. प्रणालीला दुरुस्त्या आपोआप घेण्याची परवानगी द्यावी, आणि यंत्राने बंद होऊन पुन्हा सुरू होण्याची विनंती केली तर ती त्याच दिवशी मान्य करावी. दुरुस्ती उतरवून घेणे आणि ती अमलात येणे यांत फरक आहे, हे आमच्या शाळेने अनुभवले आहे.

जुन्या प्रणालीचा मोह सोडावा. विंडोज १० साठीच्या नेहमीच्या विनामूल्य दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. त्यापुढे मर्यादित मुदतीची वेगळी योजना देण्यात आली. असे यंत्र चालत राहते, हीच त्यातील फसगत आहे. चालणाऱ्या यंत्राला औषध मिळेनासे झाले आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. ते बदलणे परवडत नसेल, तर निदान जाळ्यापासून दूर ठेवून केवळ टंकलेखनासाठी वापरावे.

महत्त्वाच्या कागदांच्या दोन प्रती वेगळ्या ठेवाव्यात, आणि त्यांपैकी एक तरी संगणकाला न जोडलेली, दुसऱ्या जागी असावी. सहा महिन्यांतून एकदा ती उघडून वाचता येते की नाही, हे पाहावे. आणि दुर्दैवाने लाल चौकट समोर आलीच, तर आधी तार काढावी, वाय-फाय बंद करावे. म्हणजे शेजारचे यंत्र तरी वाचेल. खंडणी भरू नये, घाईने सर्व काही पुसूनही टाकू नये. जाणकारास बोलवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे. संस्था आणि कार्यालये यांनी अशा घटना सहा तासांत 'सर्ट-इन'ला कळवाव्यात, असा आदेश २८ एप्रिल २०२२ रोजी निघालेला आहे. लाजेखातर झाकून ठेवलेली लागण दुसऱ्याच्या घरी जाते.

आमच्या शाळेत आता त्या मोडी नोंदींच्या तीन प्रती आहेत. एक यंत्रात, एक लोखंडी कपाटातील तबकडीवर, आणि एक छापून, बांधून, गावच्या वाचनालयात. माझ्या मेजाच्या खणात एक साधी चाळीस पानी वही आहे. तिच्या प्रत्येक ओळीत एकेका महिन्याचा दुसरा बुधवार, 'दुरुस्ती झाली' अशी नोंद आणि दोन सह्या आहेत. एक माझी आणि एक त्या सहशिक्षकांची. एखाद्या महिन्यात मी विसरलो, तर ते वही माझ्यापुढे आणून ठेवतात आणि पुन्हा विचारतात. काही वर्षांत मी निवृत्त होईन. त्या दिवशी कार्यभार सोपविण्याच्या यादीत किल्ल्या, शिक्के, दाखल-खारीज वह्या यांची नोंद रीतीप्रमाणे होईलच. त्या सर्वांच्या वर, पहिल्या क्रमांकावर, ही चाळीस पानी वही लिहावयाची, असे मी ठरवून ठेवले आहे.